लिव्हरपूलचं चाक, रांझीचा लेथ

हॉर्नबी-डब्लोच्या युद्धाआधीच्या इंजिनाचं चाक आधी फुगतं, मग त्यावर बारीक चिरा पडतात, आणि एक दिवस नुसतं बोटाने दाबलं तरी त्याचा भुगा होतो. गंज नसतो, कुणी आपटलेलं नसतं. चाक जस्ताच्या मिश्रधातूचं, साच्यात दाबाने ओतलेलं. त्या जस्तात शिशाचा अंश जरा जास्त गेला, तर धातूच्या कणाकणांमधल्या सांध्यांतून क्षरण सुरू होतं आणि दमट उबेत ते वाढत जातं. १९३८ साली लिव्हरपूलला ओतलेलं चाक इथे कपाटात बसून जबलपूरचे पावसाळे काढतं आणि खेळणं कुणी हातात न घेताही मरतं. ज्या बिन्स रोडच्या कारखान्यात ते ओतलं, तो मेकॅनो कंपनीचा कारखाना नोव्हेंबर १९७९ मध्ये बंद पडला. म्हणजे तक्रार करायलाही दार उरलेलं नाही.

मी टूलरूमचा माणूस. वडील खडकीहून खमरियाच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत आले, १९४२ साली ती उभी राहिली त्या धामधुमीत; आणि आम्ही इथलेच झालो. माझी नोकरी संपली तेव्हा घरच्या मागच्या खोलीत एक जुना बेंच लेथ, ड्रिल मशीन आणि कानशींचा पेटारा एवढं जमलेलं होतं. जुन्या खेळण्यातल्या आगगाड्या दुरुस्त करणं हा तसा रिकामा उद्योग आहे, पण त्यामागचा इतिहास रिकामा नाही. जबलपूरला हा उद्योग का जमतो आणि भोपाळला का जमत नाही, याचं उत्तर त्यात आहे.

या गाड्या इथे आल्या त्या खऱ्या गाड्यांच्या मागोमाग. अलाहाबादकडून ईस्ट इंडियन रेल्वे १८६७ मध्ये जबलपूरला पोचली. मुंबईकडून ग्रेट इंडियन पेनिन्सुला म्हणजे जीआयपी रेल्वे यायला १८७० उजाडलं. त्या वर्षी मार्चमध्ये दोन्ही रूळ इथे भेटले आणि मुंबई ते कलकत्ता असा सलग रेल्वेप्रवास पहिल्यांदा शक्य झाला. छावणी आधीपासूनच होती. १९०४ मध्ये गन कॅरेज फॅक्टरी आली. मग गोरे अधिकारी, त्यांची कुटुंबं, अँग्लो-इंडियन ड्रायव्हर, गार्ड, फोरमन अशी एक वस्तीच तयार झाली आणि नाताळच्या भेटी विलायतेहून मागवण्याची रीत तिच्याबरोबर आली. मुंबईत आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सचं दुकान १८९१ पासून होतं. त्यांचा जाडजूड कॅटलॉग आणि टपालाने माल मागवायची सोय, एवढ्यावर मध्य प्रांतातल्या बंगल्यांत हॉर्नबी, बिंग, मार्कलिनचे डबे येऊन पोचत. १९४७ नंतर ही कुटुंबं एकेक करून इंग्लंडला, ऑस्ट्रेलियाला गेली. पियानो, शिसवी कपाटं, चिनीमातीचे सेट लिलावात निघाले, आणि पोरांच्या खोलीतला खोका त्या सामानाच्या तळाशी कुठेतरी.

तो खोका जिथे जाऊन पडायचा ती जागा म्हणजे गुरंदी. जबलपूरच्या बाहेरच्या वाचकाला सांगायचं तर मुंबईच्या चोरबाजाराचा हा आमचा छोटा चुलतभाऊ. इथे लष्कराने लिलावात काढलेल्या गाड्यांचे भाग, जुने पंखे, बंदुकीच्या खोक्यांचे कडीकोयंडे, फुटलेले रेडिओ असं काहीही मिळतं. दुकानदार चेहऱ्याने ओळखतात. ‘काय बड्डे, रेल का कबाड़ ढूँढ रहे हो?’ असं जबलपुरी स्वागत करतात आणि तुम्ही हो म्हणालात की भाव दुप्पट करतात. म्हणून हो म्हणायचं नाही. आधी एखाद्या स्टोव्हच्या पिनेची चौकशी करायची.

गुरंदीत अख्खी गाडी क्वचितच मिळते, पण गाडीसाठी लागणारं बरंच काही मिळतं, फक्त ते दुसऱ्याच वस्तूच्या पोटात असतं. सगळ्यांत मोलाचे म्हणजे बीए स्क्रू. जुन्या ब्रिटिश उपकरणांत, घड्याळांत, वायरलेस सेटमध्ये ब्रिटिश असोसिएशनचे आटे असत. शून्य नंबरचा स्क्रू ६ मिलिमीटरचा, त्याचा पिच १ मिलिमीटर, आणि पुढच्या प्रत्येक नंबरला पिच आधीच्याच्या नऊ-दशांश. ८ नंबर उतरत उतरत सुमारे २.२ मिलिमीटरवर येतो. आजच्या मेट्रिक स्क्रूंमध्ये त्याला जोड नाही. २ मिलिमीटरचा सैल बसतो, अडीचचा भोकाचे आटे खाऊन टाकतो. बाजारात बीएचे टॅप आता हौशी माणसालाच लागतात. पण लष्कराच्या टाकाऊ वायरलेस सेटची एक चौकट उलगडली, तर अशा पितळी स्क्रूंनी वाटी भरते. रेडिओ वितळवायला घेऊन जाणाऱ्या भंगारवाल्याला स्क्रूंशी काही देणंघेणं नसतं. सेट किलोवर जातो, मला फक्त वाटी हवी असते.

फ्रँक हॉर्नबीच्या डोक्यात सुट्या भागांची कल्पना सुरुवातीपासूनच होती, हे मला त्या माणसातलं सगळ्यांत आवडतं. मेकॅनोचं पेटंट १९०१ चं, आणि त्याची पहिली आगगाडी १९२० सालची. ती गाडी नट-बोल्टांनी जोडलेली होती. पोराने ती खोलावी, वाकलेला पत्रा बदलावा, पुन्हा जोडावी हाच हेतू. बोल्ट मेकॅनोचेच, ५/३२ इंची व्हिटवर्थ. पुढे खर्च वाचवायला पत्र्याच्या जिभा खाचेत घालून दुमडण्याची पद्धत आली. ती जीभ दोन-तीनदा उघडली की तुटते. खेळणं दुरुस्त करण्याचा मान तिथून कमी होत गेला असं माझं मत आहे. संग्राहक मंडळी मात्र या दुमडलेल्या गाड्यांवरच जास्त जीव टाकतात.

चावीच्या गाडीत मरणारा भाग एकच, मुख्य स्प्रिंग. १९५७ च्या परकीय चलनाच्या टंचाईनंतर अशा चैनीच्या मालाची आयात जवळपास थांबली, आणि ग्राहकोपयोगी वस्तूंवरचे परिमाणाचे निर्बंध पूर्णपणे उठायला १ एप्रिल २००१ उजाडावं लागलं. मधली चार दशकं म्हणजे कुणाचा तरी मेहुणा लंडनहून येणार असेल तर त्याच्या खिशातून एक स्प्रिंग, नाहीतर घड्याळजी. आमच्या लहानपणी कमानिया गेटच्या बाजूला एक वयस्कर घड्याळजी बसत. भिंतीवरच्या घड्याळाची स्प्रिंग रुंदीला बरी जुळे, लांबीला मात्र जास्त भरे. ग्रामोफोनची स्प्रिंग मोफत मिळाली तरी निरुपयोगी, कारण ती फार रुंद, आणि कडक पोलाद उभं चिरायला गेलं की कडांना बारीक तडे राहतात आणि ते तिला मध्येच तोडतात.

घड्याळजींची युक्ती मी पाहून शिकलो. स्प्रिंगचं टोक कापलं की आकड्यात अडकवायला नवं भोक पाडावं लागतं, आणि कडक पोलादात भोक पाडायला गेलं की ते काचेसारखं फुटतं. म्हणून फक्त टोक तापवून मऊ करायचं. ते ओल्या फडक्याची घडी टोकापासून दोन बोटांवर घट्ट गुंडाळत आणि मग स्पिरिटच्या दिव्यावर टोक धरत. रंग आधी पिवळसर, मग जांभळा, मग निळा आणि शेवटी मंद लाल. फडक्याच्या कडेशी मात्र पोलाद तसंच पांढरं राहिलं पाहिजे. निळा पट्टा फडक्याखाली सरकला की ती स्प्रिंग गेली. पुढच्या चावीला ती तिथेच वाकणार. नंतर टोक राखेत खुपसून हळूहळू निवू द्यायचं, पंचने भोक पाडायचं आणि कडा कानशीने गोल करायच्या. भोकाची कडा तीक्ष्ण राहिली तर तडा तिथूनच सुरू होतो. एवढं झाल्यावर ते स्प्रिंग पिंजऱ्यात भरत, तेव्हा आम्हा पोरांना मागे सरकायला सांगत. हात सुटला तर ती वस्तऱ्यासारखी फिरते.

विजेच्या गाड्यांना वेगळेच कारागीर लागत. हॉर्नबी-डब्लोची मोटर १२ व्होल्ट डीसीची, रूळ तीन. तिच्यातला नालाच्या आकाराचा चुंबक हा नाजूक प्राणी. आर्मेचर बाहेर काढताना चुंबकाच्या तोंडावर लोखंडाचा तुकडा लावून ठेवला नाही, तर त्याचं बळ उतरतं. पूर्वी ज्यांनी ज्यांनी कुतूहलाने इंजिन उघडलं, त्यांनी हे केलं, आणि मग ‘मोटर जळली’ म्हणून डबा माळ्यावर गेला. जळलेलं काहीच नसतं. स्कूटर-मोटरसायकलींच्या मॅग्नेटोच्या काळात जबलपुरात ‘मॅग्नेट चार्ज करून मिळेल’ अशा पाट्या दिसत. तांब्याच्या जाड तारेचं मोठं वेटोळं, बॅटऱ्यांची रांग, एक खटका. फ्लायव्हील ठेवायचं, खटका मारायचा. आमचा चुंबक त्या वेटोळ्यात बोटभर दिसे, पण काम होई. मिस्त्री पैसे घ्यायला लाजत, कारण ‘ये तो बच्चों का है’. कार्बन ब्रश शिलाई मशीनच्या मोटरचे आणून घासून बारीक करायचे. आर्मेचर बांधायला मात्र धीराचा माणूस हवा. तार केसाइतकी, फेरे मोजून, आणि तीनही दातांवर सारखे.

इथवर वाचून कुणाला वाटेल की हा सगळा जुगाड झाला. मला तो शब्द फारसा रुचत नाही. नमुना हातात घेऊन, मोजून, त्याचं ड्रॉइंग काढून भाग बनवणं हे जबलपूरचं पोटापाण्याचं काम आहे. इथल्या व्हेइकल फॅक्टरीत जर्मन परवान्यावरचे शक्तिमान ट्रक आणि निसानच्या परवान्यावरच्या जोंगा बनल्या, आणि परवाने संपल्यावरही त्या गाड्या लष्करात धावत राहिल्या. त्यांचे भाग बनवता बनवता इथल्या रांझी भागातल्या गल्ल्यांत लेथवाले तयार झाले. याचं ताजं उदाहरण तर साऱ्या देशाने पाहिलं. बोफोर्सचा करार १९८६ चा. तोफांबरोबर तंत्रज्ञानाची कागदपत्रंही मिळाली, पण दलालीच्या वादळात कंपनीशी व्यवहार तुटला, कागद पडून राहिले, आणि सुट्या भागांअभावी एका तोफेचे भाग काढून दुसरीला लावायची पाळी आली. त्याच कागदपत्रांच्या आधारे आमच्या गन कॅरेज फॅक्टरीने पुढे ‘धनुष’ तोफ उभी केली, ३९ ऐवजी ४५ कॅलिबर लांबीच्या नळीची, आणि ८ एप्रिल २०१९ ला पहिल्या सहा तोफा इथेच लष्कराच्या हाती दिल्या. तोफ आणि खेळणं यांची बरोबरी करायचा माझा हेतू नाही. पण बनवणारा गेल्यावर मागे काय उरतं, ड्रॉइंग उरतं की नुसता नमुना, यावर पुढचं सगळं ठरतं. ड्रॉइंग असलं तर मापं आणि त्यांच्या सवलती हातात येतात. नमुना असला तर त्याची झीजही मापात येते.

हाच प्रश्न जबलपूरच्या खऱ्याखुऱ्या छोट्या गाडीलाही पडला होता. बंगाल-नागपूर रेल्वेची सातपुड्यातली नॅरोगेज, अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर रुंदीची. गोंदियाहून बालाघाट, नैनपूर करत ती १९०३ ते १९०५ च्या दरम्यान जबलपूरला येऊन भिडली. हाऊबाग स्टेशन, ग्वारीघाट, जमतऱ्याचा नर्मदेवरचा पूल, आणि पुढे घाटाची चढण. आमच्या नातेवाइकांपैकी निम्मे गोंदिया-भंडाऱ्याकडचे, त्यामुळे लग्नाकार्याला याच गाडीने जाणं-येणं. गाडीचा वेग किती, यावर नागपूरकर पाहुण्यांनी केलेले विनोद मी इथे देत नाही, ते सगळे खरे होते.

या मार्गावर धावलेली इंजिनं पाहा. ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीची सीसी जातीची पॅसिफिक इंजिनं. ती कंपनी १९६२ मध्ये दिवाळखोरीत गेली. मग झेडई, पुढे दोन, मध्ये आठ आणि मागे दोन चाकांची. पहिली झेडई मँचेस्टरजवळच्या नॅस्मिथ विल्सनने १९२८ च्या सुमारास बांधली. त्या कारखान्याने १९४० पर्यंत इंजिनं बांधणं सोडलं आणि ती जागा ब्रिटिश सरकारने ऑर्डनन्स फॅक्टरीसाठी घेतली. हे मला कळलं तेव्हा आम्हा खमरियावाल्यांना त्या इंजिनांविषयी उगाचच आपलेपणा वाटला. पुढे हॅनोव्हरच्या हानोमागनेही झेडई बांधल्या. त्या कंपनीने १९३१ मध्ये इंजिनांचा धंदाच सोडला. स्वातंत्र्यानंतर म्युनिकच्या क्राउस-मफायकडून आणि जपानच्या कावासाकीकडून त्याच जातीची इंजिनं आली.

इतके वेगवेगळे कारखाने, तरी जात एकच. कारण १९२० च्या दशकात भारतातल्या रेल्वेंसाठी इंजिनांचे ठराविक नमुने ठरवले गेले. ब्रॉडगेजला एक्स, मीटरगेजला वाय, नॅरोगेजला झेड. त्याआधी प्रत्येक कंपनीचं इंजिन निराळं आणि त्याचा प्रत्येक बोल्ट निराळा. नमुना एकच ठेवण्याचा सगळ्यांत मोठा फायदा म्हणजे जपानहून आलेल्या इंजिनाला इंग्रज इंजिनाचा भाग चालावा. शेडमध्ये उभ्या असलेल्या निकामी इंजिनाचं चाक, व्हॉल्व्ह, पंप काढून दुसरं चालतं ठेवायचं, हे वाफेच्या काळात सगळीकडेच चाले. नागपूरचं मोतीबाग वर्कशॉप नॅरोगेजची मोठी दुरुस्ती करायचं, आणि आज त्याच्याच शेजारी २००२ साली सुरू झालेलं नॅरोगेज संग्रहालय आहे. जबलपूरची छोटी गाडी २०१५ मध्ये थांबली आणि तिच्या जागी ब्रॉडगेज आली. आता वेळ वाचतो, हे मान्य.

खेळण्याची आणि खऱ्या गाडीची सरमिसळ करण्यात आपल्या ग्वाल्हेरच्या शिंद्यांचा हात कुणी धरणार नाही. माधवराव शिंद्यांनी १८९३ च्या सुमारास राजवाड्याच्या आवारात दोन फुटी रुळांवर स्वतःच्या हौसेसाठी गाडी फिरवली. हौस वाढत गेली आणि १८९९ मध्ये ती ग्वाल्हेर लाइट रेल्वे होऊन जनतेसाठी सुरू झाली. श्योपूरपर्यंतची ती दोन फुटी गाडी २०२० पर्यंत धावत होती. आणि राजवाड्यातल्या जेवणाच्या टेबलावरची चांदीची गाडी तर सगळ्यांना माहीत असते: नॉर्थॅम्प्टनच्या बॅसेट-लोक कंपनीने १९०६ साली बनवलेली, शिंदे नावाची इंग्रजी अक्षरं एकेका डब्यावर, डब्यांत मद्याच्या काचेच्या सुरया. पाहुण्याने सुरई उचलली की गाडी थांबते, परत ठेवली की चालू लागते. एका मेजवानीत ती थांबेचना आणि बड्या पाहुण्यांच्या अंगावर पदार्थ उडाले, असा किस्सा सांगतात. मला त्या किश्शापेक्षा तिच्या खटक्याचं जास्त कौतुक. सुरईच्या वजनाने दोन पत्र्यांचा संपर्क जुळतो, एवढीच करामत. पण चांदी काळवंडते, आणि काळवंडलेला संपर्क वीज नीट जाऊ देत नाही. ज्या कुणी नोकराने ती गाडी शंभर वर्षं पुसली असेल, तोच तिचा खरा फिटर. बॅसेट-लोक १९६० च्या दशकातच आटोपली.

पुण्याच्या भाऊसाहेब जोशींचा प्रकार याच्या उलट. राजेपणा नाही, उद्योजकाची शिस्त. कर्वे रस्त्यावर कोथरूडमध्ये त्यांनी उभारलेलं लघुरेल्वेचं संग्रहालय १ एप्रिल १९९८ ला सुरू झालं. त्याआधी घडीची, इकडून तिकडे नेता येण्यासारखी मांडणी करून त्यांनी पुण्यात प्रदर्शन भरवलं होतं. तिथे गेलेली पोरं बोगद्यातून निघणारी गाडी पाहतात. मी गेलो तेव्हा माझं लक्ष रुळांच्या सांध्यांकडे आणि सिग्नलच्या तारांकडे होतं. रोज लोकांसमोर चालणारी गाडी आणि कपाटातली गाडी यांत हाच फरक. पहिलीचे ब्रश, चाकं, गिअर सतत झिजतात आणि कुणीतरी ते सतत बनवत किंवा बदलत असतं. मांडणी टिकते ती मागच्या खोलीतल्या बेंचवर.

चाकाकडे परत येतो, कारण खरी परीक्षा तिथेच आहे. इंजिनाला दोन बाजूंना दोन सिलिंडर. एका बाजूचा दट्ट्या टोकाला पोचून अडतो तेव्हा दुसऱ्या बाजूचा ऐन जोरात असावा, म्हणून दोन्ही बाजूंच्या क्रँकपिना एकमेकींशी ९० अंशांत असतात. खेळण्यात सिलिंडर देखाव्याचे, जोर मोटरचा. तरी कपलिंग रॉडने सगळी चाकं बांधलेली असल्यामुळे प्रत्येक जोडी अगदी त्याच कोनात लागते. दुसऱ्या जोडीत दोन अंशांची चूक झाली तर इंजिन फेऱ्यागणिक एकदा अडखळतं. मी त्यासाठी पितळेचा एक ठोकळा केला आहे. मध्ये व्ही आकाराची खाच, तिच्यात अॅक्सल बसतो. एका बाजूला सरळ खाली आणि दुसऱ्या बाजूला आडवी अशा दोन खाचा, त्यांत क्रँकपिना अडकतात. चाक अॅक्सलवर हाताने अर्धं लोटायचं, पिना खाचांत बसवायच्या आणि सगळं पकडीत धरून सावकाश दाबायचं. हातोडा वापरायचा नाही. दाबताना एक बारीक कुरकुर ऐकू येते. ती सलग आली तर चाक सरळ बसतंय. ती मध्येच थांबली तर चाक तिरकं चाललंय आणि पकड लगेच सैल करायची.

आरे असलेलं चाक लेथवर नुसतं कातून होत नाही, ते ओतावं लागतं. ओतकाम सराफ्यात होतं. जोडवी आणि मूर्ती ओतणारे कारागीर मेणाच्या नमुन्यावर प्लास्टर चढवतात, मेण वितळवून काढतात आणि धातू ओततात. त्यांना देवाचा मुकुट आणि इंजिनाचं चाक यांत फरक नाही, दोन्हींत नक्षी बारीकच. फुगलेल्या जुन्या चाकावरून साचा काढायचा मोह पुष्कळांना होतो. पितळ निवताना आटतं, जस्त फुगलेलं असतं, म्हणजे फिटंफाट, असा हिशेब. तो हिशेब फसतो, कारण जस्त सगळीकडे सारखं फुगत नाही. चाक अंड्याच्या आकाराचं निघतं. म्हणून मूळ चाक मी स्वतः पितळेतून कोरतो, आटण्याच्या मापाने दीड-दोन टक्के मोठं, आणि ओतून आल्यावर धाव लेथवर कातून घेतो, थोडी उतरती, खऱ्या चाकासारखी.

हे सगळं न करता इंग्लंडहून तयार चाकं मागवता येतात. तिथे हौशी लोकांनी छोटे धंदे उभे केले आहेत आणि चाकं चांगली असतात. पण आपल्या सरकारने देशी खेळण्यांना आधार म्हणून जकात २०२० मध्ये २० वरून ६० टक्के केली आणि २०२३ मध्ये ७०. आगगाडीचं प्रमाणबद्ध मॉडेल हे जकातीच्या लेखी खेळणंच. एकदा माझं पाकीट जकातीत अडलं तेव्हा तिथल्या कारकून मुलाने विचारलं, ‘काका, यह बच्चे के लिए है?’ वयाच्या पंचाहत्तरीत या प्रश्नाचं खरं उत्तर द्यावं की सोयीचं, या विचारात मी होतो, तेवढ्यात त्याने स्वतःच ‘हाँ’ लिहून टाकलं.

सध्या बेंचवर आहे ते डब्लोचं दुरुस्त न होणारं एक इंजिन. खोका तडकलेला, चाकं गेलेली, पण मोटर उत्तम. भाच्याला ती फेकवेना आणि मलाही. १:४८ या प्रमाणात ७६२ मिलिमीटरची रुंदी होते १५.९ मिलिमीटर, आणि डब्लोच्या रुळाची रुंदी १६.५. अर्ध्या मिलिमीटरहून थोडं जास्त एवढाच फरक. म्हणजे लिव्हरपूलच्या मोटरवर सातपुड्याची झेडई बसू शकते. बाजारात तयार झेडई मला कुठे मिळाली नाही, त्यामुळे तिचा प्रत्येक भाग सुटाच करायचा आहे. मापं जपून ठेवलेल्या इंजिनावरून घेतली, फीत लावून, वॉचमनला चहा पाजून. भाचा म्हणतो, ‘मामा, चाकांचं डिझाइन मी संगणकावर काढतो, मेणासारख्या रेझिनमध्ये प्रिंट काढू, थेट ओतायला देऊ.’ मला पटलं, फक्त आटण्याचे टक्के मी सांगेन त्या मापाने, या अटीवर. आरे किती आणि बॅलन्स वेटचा चंद्र कोणत्या चाकावर मोठा, यावरून आमचं वाजलं. फोटो काढून निकाल लागला, भाचा जिंकला.

आठ चाकांची प्रिंट तयार आहे, सराफ्यात दिलीही आहे. पण तुळशीचं लग्न तोंडावर आलं. ओतकामवाला म्हणाला, ‘दादा, पहले बिछिया, फिर पहिया.’ तेव्हा तोवर मी कपलिंग रॉड कानसतो आहे.